चार

कुपीवरचं नाव वाचलं आणि हात थबकला.
हेल्दुर कांग्रो, वय एक्क्याऐंशी.
राखाडी बूच, खाली बर्फाचा चुरा.
मारिका धापा टाकत म्हणाली,
"दंडाला पट्टा बांधला नाही,
मूठही आवळू दिली नाही, शपथ."
मी काय विचारणार ते तिला पाठ आहे.
मूठ आवळली की रक्त भलतंच बोलतं.

पहाटेचे तीन. व्होरूचं रुग्णालय.
बाहेर उणे एकोणीस.
सेंट्रिफ्यूज गरगरू लागला
आणि मी, बाहीनं चष्मा पुसत,
सोळा वर्षांची झाले.

ओटेपाच्या चढावर
तो दातांनी हातमोजा ओढून काढायचा,
माझ्या कानाची पाळी अंगठ्यानं चोळून ऊब आणायचा,
टोचायचा.
पहिला थेंब पुसून टाकायचा.
"त्यात घाम असतो. दुसरा खरा."
मग वहीत पेन्सिल.
दोन पूर्णांक एक. जा.
तीन पूर्णांक तीन. जा, पण बडबड बंद.
चार.
चार म्हटलं की तळहात वर.
"हा उंबरठा, लेलो.
याच्यापलीकडे पाय उधारीवर धावतात
आणि सावकार गुडघ्यातच राहतो."

आमच्या भाषेत या आम्लाच्या नावात दूध आहे,
आंबलेल्या दुधात ते प्रथम सापडलं म्हणून.
मी आईच्या ताकाच्या बरणीकडे
त्या हिवाळ्यात जरा संशयानंच पाहायचे.
पुढे शिकले, ते विष नाही.
श्वास पुरेना तेव्हा साखर घाईघाईनं अर्धीच जाळून
स्नायू जे मागे ठेवतात, ते हे.
काळीज तेही खातं. यकृत परत साखर करतं.
घरात काही वाया जात नाही,
घर धड असेपर्यंत.

मशीनवर आकडा आला.
सहा पूर्णांक आठ.

सहा पूर्णांक आठ मी एकदाच पाहिला होता,
शर्यतीच्या शेवटी, बर्फात पालथी पडून ओकत असताना.
हा माणूस तर पलंगावर आडवा आहे.
आत कोण चढतंय मग
एवढा उभा चढ, कुणासाठी?

मी फोन लावला. डॉक्टर राइव्होंनी आकडा दोनदा वदवून घेतला.
आकड्याला एवढंच कळतं, घरात आग आहे.
कुठल्या खोलीत, ते नाही.
मूत्रमार्ग, फुप्फुस, की आतड्याचा पीळ,
ते हातांनी चाचपून, फिल्म बघून शोधायचं.
कधी फिट येऊन गेलेली असते,
कधी मधुमेहाची गोळी मूत्रपिंडात अडते,
तेव्हाही हाच आकडा चढतो.
एकट्या आकड्यावर विश्वास ठेवू नये,
त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या आकड्यावर ठेवावा.

सलाईन. प्रतिजैविक. दोन तास.
पाच पूर्णांक पाच.
मी कॉफी ओतली आणि प्यायची विसरले.
आणखी दोन तास.
खिडकीबाहेर बर्फ काढणारा ट्रॅक्टर आला, गेला.

चार.

बरोबर चार. दशांशाच्या पुढे शून्य.
तोच उंबरठा, पण उतरताना.
वर जाणाऱ्या चारला तो हात दाखवायचा.
उतरणाऱ्याला काय म्हणायचा?
आठवेना. कदाचित काहीच नाही,
उतारावर आम्ही त्याच्या आवाजापलीकडे गेलेले असायचो.

रुग्णाला आकडा मी सांगायचा नसतो, नियम आहे.
तरी सातला, ड्यूटी संपताना, वर गेले.
उंबरठ्यावरून हात मिळवू नये, असं आमच्याकडे मानतात,
म्हणून आधी आत शिरले, मग हात पुढे केला.
मास्कमागे डोळे. ओळखलं की नाही कोण जाणे.
माझ्या कानाकडे पाहिलं मात्र बराच वेळ.
मग भुवई उचलली, तीच, वही उघडतानाची.

मी चार बोटं दाखवली.

त्यानं मान हलवली, नाखुशीनं.
चादरीवरून हात सावकाश वर आला,
सुईची पट्टी, निळे डाग,
आणि दोन बोटं.

दोन.
अजून दोन हवेत.

मी घरी गेले नाही. नऊचा नमुना यायचा होता.
खाली येऊन बर्फाचा चुरा नव्यानं भरला.